दुष्ट माल आणि दोषी माणूस

मराठीत 'दोष' हा एकच शब्द मालातील उणिवेलाही लागतो आणि माणसाच्या अपराधालाही. लहान मुलांसाठी विकलेली एखादी वस्तू धोकादायक निघते आणि कंपनी ती बाजारातून परत मागवते, तेव्हा घरात जो गोंधळ उडतो त्याचे मूळ पुष्कळदा या दुहेरी अर्थात असते. पाळण्याची कडी निसटली किंवा खेळण्याचा सुटा भाग घशात अडकला की 'दोष कोणाचा' असे विचारले जाते. वस्तूकडे बोट दाखवून या प्रश्नाचे उत्तर देता येण्यासारखे असले, तरी बोट वळते ते माणसाकडे, आणि माणसांतही आधी आईकडे. ही गफलत आजची नाही. सदोष माल निर्दोष म्हणून विकणाऱ्यास याज्ञवल्क्यस्मृतीने किमतीच्या दुप्पट दंड सांगितला आहे, आणि तेथे अशा मालासाठी योजलेला शब्द 'दुष्ट' असा आहे; आज हा शब्द मालाला कोणी लावत नाही, माणसालाच लावतो. त्याच स्मृतीने खरेदी केलेला माल पारखण्याची मुदतही ठरवून दिली आहे: बियाण्याला १० दिवस, लोखंडाला १, ओझ्याच्या जनावराला ५, दुभत्याला ३, रत्नांना ७. दुप्पट दंडामागे विक्रेत्याची लबाडी गृहीत होती आणि पारखण्याचा भार गिऱ्हाइकावर होता, कारण बी, बैल आणि रत्न त्याला स्वतः पारखता येत असे. खेळण्याच्या रंगातले शिसे घरबसल्या कोणाला पारखता येणार?

कोल्हापूरला खरे तर माल आणि माणूस यांतला भेद समजावून सांगावा लागू नये. उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्यांत कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे ओतताना अडकलेल्या वायूची पोकळी, सापडली की तो जॉब रिजेक्ट होतो; हीट नंबरवरून, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूला दिलेल्या क्रमांकावरून, त्याच ओतकामातले बाकीचे जॉब तपासले जातात, आणि मोल्डरची नियत कशी होती हे विचारण्यासाठी कोणी थांबत नाही. यंत्राच्या सुट्या भागाबाबत इतका स्वच्छ असलेला विचार त्याच शहरातल्या घरात बाळाबाबत मात्र टिकत नाही. तेथे 'आईचे लक्ष नव्हते', 'दृष्ट लागली', 'नशिबात होते' ही स्पष्टीकरणे कंपनीच्या पत्राआधीच हजर असतात.

जुलै २०२० मध्ये अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या सहाव्या प्रकरणाने 'उत्पादन दायित्व', म्हणजे सदोष उत्पादनामुळे झालेली हानी भरून देण्याची जबाबदारी, ग्राहक कायद्यात प्रथमच स्वतंत्रपणे मांडली. कलम ८४ नुसार घडणीत दोष असेल, आराखडाच सदोष असेल, ठरलेल्या मापांप्रमाणे वस्तू बनली नसेल, ती दिलेल्या हमीला उतरत नसेल, किंवा वापराच्या सूचना आणि धोक्याचे इशारे पुरेसे नसतील, तर उत्पादक जबाबदार ठरतो. हमीच्या बाबतीत तर ती देताना आपण निष्काळजी किंवा लबाड नव्हतो असे त्याने सिद्ध केले तरी त्याची सुटका होत नाही. (केवळ इंग्रजीत, बारीक अक्षरांत छापलेला इशारा नातवंड सांभाळणाऱ्या आजीच्या दृष्टीने 'पुरेसा' मानायचा का, हा मुद्दा ग्राहक आयोगापुढे आवर्जून मांडण्यासारखा आहे.) कोल्हापुरात महाद्वार रोडवर घेतलेल्या खेळण्याचा उत्पादकच कळत नसेल, तर कलम ८६ नुसार विक्रेत्याला जबाबदार धरता येते; मात्र वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा तिच्यात फेरफार केला गेला असेल, तर विक्रेत्याविरुद्धचा हा मार्ग कलम ८७ ने बंद होतो. बारशाला भेट मिळालेली वस्तूही या कायद्याबाहेर नाही, कारण खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारा हाही ग्राहकच आणि अज्ञान मुलाच्या वतीने त्याच्या आईवडिलांना तक्रार करता येते. फौजदारी कायद्याची रीत निराळी आहे: भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूबद्दल शिक्षा व्हायची तर कोणा माणसाचा निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो. एक कायदा दोषी माणूस शोधतो, दुसऱ्याला दुष्ट माल पुरतो, आणि कुटुंबाला दोन्हींकडे जाता येते.

श्रद्धाळू मनाचा आक्षेप एवढ्याने मिटत नाही. वेदान्ताच्या रूढ मांडणीत कर्म तीन प्रकारचे असते: साठलेले ते संचित, ज्याचे फळ भोगणे सुरू झाले ते प्रारब्ध, आणि आता घडत असलेले ते क्रियमाण. बाळाला झालेली इजा त्याच्या प्रारब्धाची असेल तर कारखानदार निमित्तमात्र ठरतो, आणि निमित्ताशी भांडून काय मिळणार, असा हा आक्षेप आहे. परंतु निमित्त झालेल्याचेही स्वतःचे क्रियमाण असतेच, आणि त्याचे फळ त्याला चुकत नाही, हे त्याच सिद्धान्तातून निघते. शिवाय हा युक्तिवाद ताणला तर इजा झालेल्या बाळाला कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात नेणेही प्रारब्धात ढवळाढवळ ठरेल, आणि तसे कोणतेही घर मानत नाही. टिळकांना गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा विचार एकाच प्रकरणात करावा लागला, तो याच अडचणीमुळे. प्रारब्धाचा आधार शोक सोसण्यासाठी घेतला तर तो आधार आहे. उत्पादकाला मोकळे सोडण्यासाठी घेतला तर ती पळवाट आहे.

आईवडिलांच्या अपराधभावनेचा प्रश्न याहून अवघड आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ हे खोकल्याचे औषध घेतलेली अनेक मुले दगावली, त्यांतल्या कित्येकांवर नागपुरात उपचार चालले होते. तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी द्रावक आढळले, आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या बॅचचा वापर व विक्री थांबवण्यास सांगितले. असे औषध घरात आईबापच चमच्याने पाजतात. त्यांच्या हातून ते घडले हे खरे आहे, पण त्यांना ते कळणे शक्य नव्हते हेही तितकेच खरे आहे, आणि अजाणता घडलेल्याला जाणूनबुजून केलेल्याच्या पंक्तीला धर्मशास्त्रानेही बसवलेले नाही.

परत मागवणे म्हणजे काय, हे याज्ञवल्क्यस्मृतीच्या रचनेवरून चांगले उमगते. तिचे तीन अध्याय आहेत: आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. व्यवहार म्हणजे न्यायसभेपुढचा वाद, ज्याला इजा झाली त्याचे देणे ठरवणारा. प्रायश्चित्त म्हणजे करणाऱ्याने स्वतःच्या शुद्धीसाठी करायचे कृत्य. कंपनीने माल मागे घेणे हे फार तर तिचे प्रायश्चित्त आहे, त्याने व्यवहार मिटत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम २० खाली धोकादायक माल परत घेण्याचा आणि किंमत परत करण्याचा आदेश देऊ शकते, पण वस्तूची किंमत ही इजेची भरपाई नव्हे. सप्टेंबर २०२२ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंड येथील बेबी पावडरचा परवाना रद्द केला, कारण पुणे व नाशिक येथे घेतलेल्या नमुन्यांतील पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे प्रमाण, ठरलेल्या मर्यादेपलीकडे आढळले होते. साठा परत मागवण्याची सूचनाही कंपनीला दिली गेली. ११ जानेवारी २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. वाद शासन आणि कंपनी यांच्यातला होता. कोणा बाळाच्या भरपाईचा प्रश्न त्यात नव्हता, आणि अशी प्रकरणे कोणत्याही बाजूने लागली तरी कुटुंबाला आपला व्यवहार वेगळाच मांडावा लागतो.

'लेकराच्या दुखण्याचे पैसे कसे घ्यायचे' हा संकोच आदरणीय आहे, पण त्याचा लाभ कुटुंबाला होत नाही, उत्पादकाला होतो. अंबाबाईची ओटी भरून आलेल्या घराने आयोगाकडे अर्ज केला म्हणून श्रद्धा उणी होत नाही. वस्तू कंपनीच्या हवाली करण्यापूर्वी मात्र तिची छायाचित्रे, बिल आणि बॅच क्रमांक जपावेत, 'यापुढे कोणताही दावा नाही' अशा मजकुरावर सही करू नये, आणि शक्य असेल तर वस्तूच राखून ठेवावी, कारण कलम ३८ खाली आयोगाला ती प्रयोगशाळेत तपासून घेता येते. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येत असल्याने कोल्हापूरच्या कुटुंबाला कंपनीच्या गावी जावे लागत नाही. खरेदीची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. मुदत तक्रारीचे कारण उद्भवल्यापासून २ वर्षांची आहे. उशिराचे सबळ कारण दाखवल्यास आयोग तो माफ करू शकतो.