मोडी वाचणारा आणि जुना लॅपटॉप

तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदांचे गठ्ठे पाहून आलेला महाराष्ट्रीय माणूस बहुधा दोन भावना घेऊन बाहेर पडतो. आपल्या भाषेचे एवढे धन कावेरीच्या मुलखात सांभाळले गेले, याचा अभिमान ही पहिली. आणि त्यातील एक ओळही आपल्याला वाचता येत नाही, याची शरम ही दुसरी. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, मराठी तर आपली मातृभाषाच. नाहीसा झाला आहे तो वाचणारा. थोरल्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा इतिहास आपण अडखळत का होईना वाचतो, तो देवनागरीत आहे म्हणून.

या वाचणाऱ्याच्या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले ते मात्र एका अगदी निराळ्या वस्तूने. येथील एका मराठी गृहस्थांकडे माझे जाणे-येणे आहे. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या तंजावुरात नांदत आहे. त्यांच्या वडिलांनी निवृत्तीनंतर, १९९५ च्या सुमारास, घरातील मोडी कागद एकेक करून देवनागरीत उतरविले आणि ते एका लॅपटॉपवर टंकून ठेवले. करड्या पडद्याचे ते जड यंत्र अजून चालते. गेल्या वर्षी चेन्नईस नोकरी करणाऱ्या नातवाने आपल्या नव्या संगणकात एक इम्युलेटर बसविला, म्हणजे जुन्या यंत्राचे सोंग तंतोतंत वठविणारा प्रोग्रॅम. आजोबांच्या साऱ्या फायली त्यात उघडल्या. तो वडिलांना म्हणाला, "अप्पा, आता तो डबा भंगारात द्या. त्यातले सगळे यात आले."

'सगळे' या शब्दापाशी अप्पा थांबले; आणि त्यांच्याबरोबर मीही.

जुन्या सुटसुटीत संगणकांवर जीव जडलेली माणसे जगभर आहेत, आणि त्यांचे प्रेम निव्वळ स्मरणरंजन म्हणून उडवून लावणे मला न्याय्य वाटत नाही. १९८१ साली निघालेला ऑस्बोर्न सुमारे अकरा किलोंचा होता. त्यास 'सुटसुटीत' म्हणणे हा विनोदच. पण १९८३ चा टीआरएस-८० मॉडेल १०० चार साध्या सेलांवर वीसेक तास चाले, आणि वार्ताहर तो मांडीवर घेऊन बातम्या लिहीत. त्याच्या पडद्यावर चाळीस अक्षरांच्या आठच ओळी मावत. १९९४ चा एचपी २००एलएक्स तर खिशात मावे, दोन सेलांवर चाले. आजही यांवर लिहिणारे लोक आहेत. त्यांचे म्हणणे असे, की हे यंत्र उघडताच ओळ समोर येते, मध्ये कोणी हाक मारीत नाही. आठच ओळी दिसत असल्या म्हणजे माणूस आठ ओळींपुरता विचार करतो, हे मला पटते. हीच यंत्रे इम्युलेटरमध्येही चालविता येतात. पण तेथे त्या आठ ओळींभोवती मोठा प्रशस्त पडदा असतो, आणि त्यातून बाहेर पडण्यास एक बोट पुरते. जुन्या यंत्राची मर्यादा ही सक्ती होती. येथे ती व्रत होते. व्रत मोडता येते, एवढाच फरक. पण तो लहान नाही.

असो. अप्पांचा प्रश्न लेखनाच्या सुखाचा नव्हता, साक्षीचा होता.

नातवाची बाजू प्रथम पाहू, कारण ती दिसते त्याहून बळकट आहे. जुना लेख वाचविण्याचे दोन मार्ग असतात. एक, त्याचे नव्या लिपीत रूपांतर करणे. दुसरा, जुनी लिपी जाणणारा नवा माणूस तयार करणे. आजोबांनी केले ते पहिले. इम्युलेटर करतो ते दुसरे. तो फाइलीस हात लावीत नाही, तिचा एक ठिपकाही बदलीत नाही. नव्या यंत्रालाच जुन्यासारखे वाचावयास शिकवितो. मोडीच्या वर्गात जाऊन बसणारा आजचा विद्यार्थी याच अर्थाने सरफोजीकालीन कारकुनाचे सोंग वठवीत असतो, आणि त्यास आपण नकली म्हणत नाही. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण तेवढ्याने एकही रुमाल वाचला जात नाही. वाचणारा घडवावा लागतो, आणि दर पिढीस पुन्हा घडवावा लागतो. नवा संगणक जुना होईल, तेव्हा इम्युलेटरचेही तेच होईल.

मग मूळ यंत्राचे ओझे कशाला? या प्रांतात ताडपत्रांची नक्कल करण्याची परंपरा फार जुनी. पान जीर्ण झाले की नव्या पानावर उतरवून घ्यावे, आणि जुने आडि महिन्यातील पुराच्या दिवशी नदीत सोडावे, अशीही चाल होती. पण कुंभकोणमच्या महाविद्यालयात शिकविणारे उ. वे. स्वामिनाथ अय्यर गावोगाव तमिळ पोथ्या शोधीत हिंडले, तेव्हा नक्कल न होताच पाण्यात गेलेल्या पोथ्यांच्या कथा त्यांना ऐकाव्या लागल्या. नक्कल झाली, हे कोणी ठरवावयाचे?

अप्पांच्या घरी हे ठरविण्याचा प्रसंग लवकरच आला. आजोबांच्या काळी मराठी टंक इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावून बसत. भारतीय लिप्यांसाठी १९९१ चे सरकारी प्रमाण होते, परंतु टंक करणारा जो तो आपल्या सोयीने अक्षरे मांडी. फाइलीत असतो तो केवळ जागेचा क्रमांक. त्या जागी कोण बसले आहे, हे टंकालाच ठाऊक. मूळ टंकाची फ्लॉपी खराब झाल्यामुळे नातवाने त्याच नावाचा टंक दुसरीकडून मिळविला होता. सारी अक्षरे बरोबर उमटली. पण आपल्या जुन्या हिशेबांत पाव, अर्धा, पाऊण दाखविण्यास जे एक, दोन, तीन दंड काढीत, त्यांच्या जागा या टंकात बदललेल्या होत्या. एका वाटणीपत्रात धाकट्या भावाकडे पाऊण हिस्सा गेला होता. इम्युलेटरमध्ये तो पाव दिसत होता. वाक्य निर्दोष, अर्थ सरळ, कोणासही शंका येऊ नये असे. अप्पांना आली ती वडिलांच्या तोंडून लहानपणी ती हकीकत ऐकली होती म्हणून. मूळ मोडी कागद काढला, तर तो कोपरा वाळवीने खाल्लेला. शेवटी जुना लॅपटॉप उघडला, आणि करड्या पडद्यावर तीन दंड उभे राहिले.

दोष इम्युलेटरचा नव्हता. त्याने दिलेले काम चोख केले. त्या प्रोग्रॅमला यंत्राचे सोंग वठविता येत होते, यंत्रात आजोबांनी काय बसविले होते ते ठाऊक नव्हते. पण मूळ यंत्र भंगारात गेले असते, तर हा दोष दोष म्हणून ओळखता तरी आला असता का? नक्कल बरोबर आहे हे म्हणण्यासही मूळ हयात असावे लागते. येथे मला नातवाचे म्हणणे सोडून अप्पांच्या बाजूस यावे लागले.

तरीही पेच सुटत नाही. साक्षीदार म्हणून जपावयाचे, तर ते यंत्र चालू ठेवले पाहिजे. आणि चालविले की ते झिजते. एक बिजागरी मोडली आहे, ती दोऱ्याने बांधली आहे. न चालविता कपाटात ठेवावे, तर आतील लहान बॅटरी गळून पट्टी खाते. दगडावरील लेखास ही पंचाईत नाही, पण वाटणीपत्रे कोणी दगडावर कोरीत नाही.

नातू पोंगलला आला तेव्हा त्याने जुन्या यंत्रातून मूळ टंक उतरवून घेतला, आतील बॅटरी काढली, आणि दोन्ही पडदे शेजारी मांडून बापलेक सारे कागद ओळीने ताडून पाहू लागले. अप्पा वाचतात, मुलगा पडताळतो. महिन्यातून एक रविवार त्यासाठी ठरला आहे. परवा मी गेलो तेव्हा चौथा रुमाल चालू होता, आणि मधल्या एका नावावर दोघांचे बरेच भांडण जुंपले होते.