वाचलेले आयुष्य कुणाचे?

मोठ्या संकटातून माणूस सुखरूप सुटला की ‘देवानेच तारले’ हे शब्द श्रद्धाळू मनातून सहज उमटतात. परंतु त्याच संकटात शेजारचा माणूस दगावला असेल, तर त्या शब्दांपाठोपाठ येणारा प्रश्न टाळता येत नाही. ईश्वराने एकाला तारले असेल तर दुसऱ्याला का तारले नाही, आणि तरलेला माणूस बुडालेल्यापेक्षा अधिक लायक होता असे मानायचे काय? ख्रिस्ती धर्मशास्त्र या प्रश्नाचा विचार ‘प्रॉव्हिडन्स’ या संज्ञेखाली करते. ईश्वर सृष्टी निर्माण करून बाजूला झालेला नसून तो तिची काळजी वाहतो आणि तिचा कारभार चालवतो, अशी ही कल्पना आहे. तिचे दोन भेद मानले जातात: निसर्गनियमांच्या द्वारे सर्व सृष्टीचे जे धारण होते ते सामान्य विधान, आणि एखाद्या व्यक्तीच्या आयुष्यात ठरावीक हेतूने ईश्वराचा जो हात लागतो ते विशेष विधान. स्कॉटलंडमधील प्रॉटेस्टंट परंपरा धर्मसुधारक कॅल्विनच्या शिकवणीवर उभी असल्यामुळे आणि त्या शिकवणीत ईश्वराची इच्छा सर्वोपरी मानली गेल्यामुळे, तेथील श्रद्धावंताला योगायोग म्हणून हा प्रश्न झटकून टाकण्याची सोयच नव्हती.

या प्रश्नाच्या विचारासाठी जॉन मॅकग्रेगर (१८२५–१८९२) यांचे चरित्र विशेष उपयोगी पडते. स्कॉटिश कुळातील, सधन घराण्यातील, वकिलीची सनद मिळवूनही वकिलीत न रमलेले आणि पुढे प्रवासवर्णनांमुळे युरोपभर ‘रॉब रॉय’ या टोपणनावाने ओळखले गेलेले हे गृहस्थ पाच आठवड्यांचे असतानाच मृत्यूच्या दारातून परत आले होते. त्यांचे वडील डंकन मॅकग्रेगर हे ३१ व्या पायदळ पलटणीतील अधिकारी होते, आणि ही पलटण ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘केंट’ या जहाजातून बंगालकडे निघाली होती. जहाजावर सैनिक, त्यांच्या बायका, ६६ मुले आणि खलाशी मिळून सहाशेहून अधिक माणसे होती. १ मार्च १८२५ रोजी बिस्केच्या उपसागरात वादळाने जहाज हेलकावत असताना तळघरातील पिंपे तपासायला गेलेल्या एका अधिकाऱ्याच्या हातातील दिवा पडला, एका पिंपातून सांडलेल्या मद्याने पेट घेतला, आणि आग दारूगोळ्याच्या कोठाराकडे सरकू लागली. तेव्हा कप्तानाने खालच्या मजल्याच्या खिडक्या आणि झडपा उघडून समुद्राचे पाणी आत घेण्याचा हुकूम दिला. त्या पाण्यामुळे स्फोट लांबला आणि मेक्सिकोकडे खाणकामगार घेऊन निघालेल्या ‘केंब्रिया’ या लहान जहाजाला मदतीसाठी वेळ मिळाला. परंतु त्याच पाण्यात खालच्या मजल्यावरचे काही आजारी आणि काही लेकरे बुडाली. बहुसंख्य लोक वाचले, तरी ऐंशीच्या आसपास माणसे परत आली नाहीत, आणि वाचलेल्यांत आईबरोबर होडीत उतरवलेले मॅकग्रेगरांचे तान्हे मूल होते.

विशेष विधानाच्या कल्पनेपुढील अडचण या एका प्रसंगात पुरती उघडी पडते. ज्या पाण्याने काहींना वाचवले त्याच पाण्याने इतरांचा जीव घेतला, आणि ज्या लेकरांचा जीव गेला त्यांची व वाचलेल्या लेकरांची लायकी वेगवेगळी ठरवण्याजोगे त्यांच्या आयुष्यात अजून काही घडलेच नव्हते. पाच आठवड्यांच्या मुलाने कोणते पुण्य जोडलेले असणार? म्हणून या सुटकेचे कारण त्या मुलाच्या गुणांत शोधता येत नाही. डंकन मॅकग्रेगर यांनी जहाज जळत असताना आपण सर्वांनी आपले आत्मे तारणाऱ्याच्या हाती सोपवले असल्याची चिठ्ठी लिहून बाटलीत बंद केली होती, आणि ती बाटली दीड वर्षाने बार्बाडोस बेटाच्या किनाऱ्याला लागली. ही चिठ्ठी सुटका होण्यापूर्वीची आहे, आणि तिचे मोल त्यातच आहे. वाचण्याची आशा सुटली असतानाही जी श्रद्धा टिकते ती वाचण्यावर अवलंबून नसते. म्हणजे ‘आम्ही वाचलो, म्हणून ईश्वर कृपाळू’ हा तर्क तिच्या मुळाशी नसतो.

या घरात वाढलेल्या मुलाला आपल्या सुटकेची कथा लहानपणापासून ठाऊक असणार हे उघड आहे. त्याचे पुढचे शिक्षण डब्लिन व केंब्रिज येथील ट्रिनिटी महाविद्यालयांत झाले, गणितात त्याने चांगले यश मिळवले, आणि १८५१ साली लंडनच्या इनर टेंपल या वकिलांच्या संस्थेतून त्याला सनद मिळाली. शोधांच्या मालकी हक्काचा, म्हणजे पेटंटचा, कायदा हा मॅकग्रेगर यांच्या अभ्यासाचा विषय होता. मात्र पोटापाण्याची चिंता नसल्यामुळे नियमित वकिली त्यांनी मागे टाकली आणि आपला वेळ इव्हॅन्जेलिकल पंथाच्या लोकसेवेला दिला. हा पंथ बायबलचे प्रामाण्य, ख्रिस्ताच्या बलिदानाने मिळणारे तारण, माणसाच्या अंतःकरणाचे परिवर्तन आणि त्या परिवर्तनातून येणारे प्रत्यक्ष कार्य या चार गोष्टींवर भर देणारा होता. मत्तयाच्या शुभवर्तमानातील एका दृष्टान्तात धनी परगावी जाताना चाकरांकडे द्रव्य सोपवतो आणि परतल्यावर, ते नुसते पुरून ठेवणाऱ्या चाकराला दोष देतो; त्यावरून धन, बुद्धी, वेळ ही माणसाची मालमत्ता नसून ठेव आहे, ही विश्वस्तपणाची शिकवण या पंथाने घेतली. याच इनर टेंपलमधून १८९१ साली बॅरिस्टर झालेल्या गांधीजींनी इंग्लिश कायद्याचा अभ्यास आपल्या मदतीला आल्याचे आणि विश्वस्त या शब्दाचा अर्थ गीतेच्या शिकवणीच्या प्रकाशात अधिक स्पष्ट झाल्याचे आत्मकथेत नोंदवले आहे. कायद्यातील विश्वस्ताजवळ कोट्यवधी असले तरी त्यातली पैही त्याची नसते, हे ज्याला व्यवसायातून कळलेले असते, त्याला धर्मातील विश्वस्तपणा समजून घेणे अवघड जात नाही.

मॅकग्रेगर यांच्या बाबतीत या शिकवणीला काटेकोर व्यवहाराचे रूप आले. लंडनमध्ये ‘रॅगेड स्कूल’ नावाच्या, चिंध्या पांघरलेल्या मुलांसाठी चालणाऱ्या मोफत शाळा होत्या, आणि लॉर्ड शाफ्ट्सबरी हे त्या चळवळीचे आधारस्तंभ होते. १८५१ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी शहरात गर्दी लोटणार हे हेरून मॅकग्रेगर आणि त्यांचे सहकारी यांनी या मुलांचे बूट-पॉलिश पथक उभे केले. मुलांना लाल गणवेश मिळाला, उभे राहण्याच्या जागा ठरवून दिल्या गेल्या, आणि मिळकतीच्या वाटणीचा नियम घालून देण्यात आला. दिवसाच्या कमाईतील पहिले सहा पेन्स मुलाच्या हाती मजुरी म्हणून पडत. उरलेल्या रकमेचे तीन सारखे भाग होत, त्यांतला एक मुलाला तेव्हाच मिळे, दुसरा संस्थेच्या खर्चाला जाई आणि तिसरा मुलाच्या नावाने बँकेत जमा होई. या साध्या हिशेबात दानाची एक वेगळी समज आहे. भीक घालणाऱ्याला देण्याचे समाधान मिळते, पण घेणाऱ्याचा उद्या बदलत नाही. येथे मुलाचा आज, त्याचा उद्या आणि त्याच्यामागून येणाऱ्या मुलाची सोय या तिन्हींचा विचार एकाच वेळी झाला होता. स्वतः विनासायास वाचलेल्या माणसाने दुसऱ्याच्या जगण्याची तजवीज इतक्या बारकाईने करावी, यात त्याने आपल्या सुटकेचा काय अर्थ लावला ते दिसते.

तथापि या चरित्रातील खरा अवघड प्रश्न पुढे आहे. १८६५ च्या उन्हाळ्यात मॅकग्रेगर यांनी लंडनच्या लॅम्बेथ भागातील कारखान्यात ओक लाकडाची, वरून देवदाराच्या फळ्यांचे आच्छादन असलेली, १५ फूट लांब व सुमारे ८० पौंड वजनाची एक अरुंद होडी बांधून घेतली, तिला ‘रॉब रॉय’ हे नाव दिले, आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने ती एकट्याने चालवत ऱ्हाइन, डॅन्यूब, मोझेल, सीन अशा नद्यांतून हजार मैलांचा प्रवास केला. नेहमीच्या नावाड्याची पाठ जायच्या दिशेला असते. या होडीत बसणाऱ्याचे तोंड पुढे असते, हा लाभ त्यांना फार मोलाचा वाटे. सर्व सामान एक फूट लांब, एक फूट रुंद आणि सहा इंच खोल अशा एका पिशवीत मावलेले होते. १८६६ साली या प्रवासाचे पुस्तक निघाले आणि गाजले, इंग्लंडात होडी चालवण्याचा छंद रुजला, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या, अशा होड्या चालवणाऱ्यांच्या संस्थेला पुढे राजाश्रय मिळाला. १८६७ साली त्यांनी एकट्याने शिडाची बोट घेऊन इंग्लिश खाडीही ओलांडली. जे आयुष्य ईश्वराने जळत्या जहाजातून उचलून दिले आणि जे ठेव म्हणून सांभाळायचे, ते असे मौजेखातर लाटांवर सोडण्याचा अधिकार विश्वस्ताला आहे काय?

पुस्तकांचे आणि व्याख्यानांचे उत्पन्न त्यांनी लोकोपयोगी कामांना दिले, हे उत्तर सोयीचे असले तरी पुरेसे नाही. कारण आनंद केवळ देणगी मिळवून देतो म्हणून क्षम्य ठरत असेल, तर मुळात तो अपराधच मानल्यासारखे होते. त्या काळात ‘बलदंड ख्रिस्ती धर्म’ या अर्थाची एक विचारसरणी इंग्लंडात पुढे आली होती, आणि शरीराचे सामर्थ्य, मोकळ्या हवेतील खेळ व धाडस हीसुद्धा ईश्वरसेवेची अंगे आहेत, असे तिचे म्हणणे होते. मॅकग्रेगर यांचा प्रवास त्या विचारात बसतो, परंतु तेवढ्यात तो संपत नाही. रविवार हा विसाव्याचा आणि उपासनेचा दिवस, म्हणून ते प्रवासातही त्या दिवशी वल्हे बाजूला ठेवत. म्हणजे आनंदालाही त्यांच्या लेखी मर्यादा होती आणि मर्यादेच्या आत तो निःशंक होता. येथे ऋण आणि कृतज्ञता यांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. ऋणको हिशेब ठेवतो, धनकोला भितो आणि देणे फिटले की मोकळा होतो. कृतज्ञ माणसाचे देणे फिटत नाही, पण त्याला भीतीही नसते, आणि मिळालेल्या देणगीचा मनापासून उपभोग घेणे हासुद्धा देणाऱ्याचा मान राखण्याचाच एक प्रकार असतो. आयुष्य ही भेट असेल, तर ती केवळ राबवून संपवणे हा तिचा अर्धाच स्वीकार होय.

या माणसाच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. वाटेत भेटेल त्याला धार्मिक पत्रके आणि बायबलचे भाग वाटण्याचा त्यांचा परिपाठ होता, आणि समोरच्या माणसाजवळ त्याची स्वतःची श्रद्धा आधीच आहे याचा पुरेसा विचार या उत्साहात होत नसे. १८६८–६९ मध्ये ते हीच पद्धत घेऊन सुएझ, दमास्कस आणि जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गेले. हूला सरोवराच्या पपायरसच्या दाट दलदलीत स्थानिक अरबांनी त्यांना होडीसकट खांद्यावर उचलून शेखच्या तंबूकडे नेले. त्यांची निरीक्षणे त्या प्रदेशाच्या भूगोलाला उपयोगी पडली, परंतु बायबलमधील भूमी शोधणाऱ्या त्या डोळ्यांना तिथे राहणारी माणसे दुय्यम वाटत राहिली. आपल्याला ईश्वराने निवडले या भावनेत हा धोका सदैव असतो, आणि सज्जन माणूसही त्यातून पूर्णपणे सुटत नाही.

तरीही मूळ प्रश्नाला या चरित्रातून एक ठाम उत्तर मिळते. ‘देवाने मला तारले’ हे वाक्य मागे पाहून उच्चारले की तो स्वतःच्या लायकीचा दाखला ठरतो, आणि ‘केंट’वर बुडालेल्या प्रत्येक लेकरावर अन्याय करतो; तेच वाक्य पुढे पाहून उच्चारले की ती जबाबदारी ठरते, आणि तिच्यात कुणाचाही उपमर्द राहत नाही. विशेष विधानावरील श्रद्धा बुद्धीला सिद्ध करता येत नाही आणि दुसऱ्यावर लादताही येत नाही. ज्याने ती बाळगली त्याच्या वर्तनातूनच तिची किंमत ठरते. मुलाच्या नावाने बँकेत जमा होणारा कमाईचा तिसरा हिस्सा हा मॅकग्रेगर यांच्या श्रद्धेचा पुरावा आहे, आणि तो कोणत्याही धर्माच्या माणसाला तपासून पाहता येण्याजोगा आहे. संकटातून सुटलेल्या प्रत्येकाने ‘मीच का वाचलो’ या प्रश्नाचे उत्तर मिळत नसल्याचे मान्य करावे, आणि ‘आता कुणासाठी’ या प्रश्नाचे उत्तर मात्र स्वतःच्या हाताने द्यावे.