अंगठा आणि आठवण
१९६१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींनी ‘मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड’ या खटल्यात एक रेघ आखून दिली. आरोपीच्या बोटांचे ठसे घ्या, हस्ताक्षराचा नमुना घ्या. पण त्याला जे ठाऊक आहे ते सक्तीनं वदवून घेऊन त्याच्यावरच उलटवायचं नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) चं ते संरक्षण. २०१० मध्ये सेल्वी खटल्यात संमतीविना नार्को चाचणीही त्याच आधारावर अमान्य झाली.

आता तपास अधिकाऱ्याच्या टेबलावरचा फोन बघा. अंगठा टेकवला की उघडतो. तोच फोन बंद करून पुन्हा चालू केला, की अंगठा मानत नाही, सहा आकडे मागतो. ते आकडे कागदावर नसतात, मालकाच्या डोक्यात असतात. आरोपीला ते सांगायला लावणं म्हणजे वदवून घेणंच, असं मला ठामपणे वाटतं. न्यायालयांचं मात्र यावर एकमत नाही. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं पासवर्ड देणं ही स्वतःविरुद्धची साक्ष नव्हे असं म्हटलं. पुढच्याच वर्षी दिल्लीतल्या सीबीआय विशेष न्यायालयानं आरोपीवर तशी सक्ती करता येणार नाही, असा निर्णय दिला.

ब्रिटनच्या २००० सालच्या कायद्यात पासवर्डसारखी किल्ली न देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. राष्ट्रीय सुरक्षेचं किंवा बाल लैंगिक शोषणाचं प्रकरण असेल तर पाच. किल्ली एकदा तुमच्याकडे होती हे दिसलं, की ती अजूनही आहे असंच धरलं जातं. ‘विसरलो’ म्हणणाऱ्याला तसा पुरावा पुढे करावा लागतो. पण विसरल्याचा पुरावा माणूस आणणार कुठून? खरोखर विसरलेला आणि लपवणारा, दोघेही बाहेरून सारखेच दिसतात.

अत्याचार झालेल्या मुलाच्या आईला हा युक्तिवाद निष्ठुर वाटेल, आणि तिचा राग रास्तच आहे. म्हणून यंत्र जप्त करा, तज्ज्ञांकडून उघडवा, कंपनीच्या ताब्यातली किल्ली मागा. त्याला माझी हरकत नाही.

आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ मध्ये कुलूपबंद माहिती उघडायला मदत नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. तसा आदेश काढतात गृहसचिव, आणि त्याआधी कोणत्याही न्यायाधीशाची परवानगी लागत नाही. ती परवानगी सक्तीची झालीच पाहिजे, आणि आरोपीच्या आठवणीला तर या कलमातून पूर्ण वगळलं पाहिजे.