मेलेल्या बुरशीचे काम
लाखांदूर तालुका वैनगंगेच्या खालच्या अंगाला आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदी कन्हानला देते, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत मिसळते, आणि गोसीखुर्द धरण, पवनी असे करत नदी लाखांदूरच्या शिवाराला येते. वरच्या शहराने सोडलेले पाणी इथल्या धानाच्या बांध्यांच्या आणि ढिवरांच्या जाळ्यांच्या वाट्याला येते. वाटेत सेंद्रिय घाण काही अंशी कुजून जाते. शिसे, कॅडमियम, क्रोमियम मात्र कुजत नाहीत. ते गाळात बसतात, जलचरांच्या अंगात साठतात. म्हणून त्यांना उगमाशीच अडवायला हवे.

पाण्यात चुना टाकला की धातूंचा बराच भाग साका होऊन खाली बसतो, पण अगदी विरळ उरलेला अंश सुटतो. पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक आहे. एवढ्या बारीक कामासाठी मेलेली बुरशी उपयोगी पडते.

जिवंत बुरशीला अन्न लागते आणि विषारी पाण्यात ती मरते. मेलेलीला कशाचीच गरज नसते, तरी तिच्या पेशीभित्तिकेतले कायटिन, ग्लुकन शाबूत असतात. त्यांवरचे रासायनिक गट शिशाचे आयन धरतात आणि बदल्यात कॅल्शियम किंवा हायड्रोजनचे आयन सोडतात. कॅनडात व्होलेस्की आणि त्सेझोस या संशोधकांनी १९८०च्या सुमारास ऱ्हायझोपस बुरशीच्या एका ग्रॅमवर सुमारे १८० मिलिग्रॅम युरेनियम बसवून दाखवले.

महाराष्ट्राला अशी मेलेली बुरशी परकी नाही. पिंपरीत पेनिसिलिन बनवणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ साली उभी राहिली. पेनिसिलिन काढून घेतल्यावर उरतो तो बुरशीचा चोथा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील किशोर पाकणीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनिसिलियम बुरशीच्या अशाच टाकाऊ चोथ्यावर धातू बसवण्याचे काम १९९३ साली प्रसिद्ध केले. फेकायच्या मालाने पाणी शुद्ध व्हावे, ही कल्पनाच आनंद देणारी आहे.

मग ही पद्धत कारखान्यांत सर्रास का दिसत नाही? चोथा मऊ असतो, नळीत भरला की गाळणी तुंबते. त्याचे टणक दाणे करावे लागतात. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचीही जागेसाठी चढाओढ असते, आणि आम्लता जरा ढळली की पकड सैल होते. बाजारात आयन धरणारे तयार रेझिन मिळत असताना ही खटपट कोण करणार?

तरीही धातूचा मुलामा देणाऱ्या छोट्या कारखान्याच्या नाल्यावर, पाणी नदीत मिसळण्याआधी, या पद्धतीला जागा आहे. तिथे धातू कोणता, किती आणि पाणी किती, हे ठाऊक असते. भरलेला चोथा सौम्य आम्लाने धुतला की धातू थोड्याशा द्रावात येतो आणि चोथा पुन्हा वापरता येतो. तो द्राव परत घेऊन धातू वेगळा करण्याची सोय त्याच औद्योगिक वसाहतीत हवी.