प्रकाशचित्रण आणि अस्तेय

विहिरींतून घागरभर पाणी काढलें म्हणजे विहिरींतलें तेवढें पाणी कमी होतें. झाडाचा डिंक काढला म्हणजे खोडावर जखम राहते. आपल्या भाषेंत फोटोहि 'काढतात'. पण तो काढल्यानें ज्याचा काढला त्याचें काय कमी होतें, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आमच्या मनांतहि पन्नाशी उलटेपर्यंत तो आला नव्हता. तो आला गेल्या होळीच्या सुटीच्या निमित्तानें, आणि तेव्हांपासून त्यानें आमचा पिच्छा सोडलेला नाहीं. म्हणून तो वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आम्ही धुळ्याचे राहणारे. पांझरेचें पाणी उन्हाळ्यांत शोधावें लागतें अशा मुलखांतल्या माणसाला समुद्राची ओढ किती असते, हें कोंकणांतल्या वाचकाला सांगून कळणार नाहीं. सुटी मिळतांच आम्ही सहकुटुंब रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवीं जाऊन राहिलों. हें नाना फडणविसांचें मूळ गांव. अलीकडे मात्र तें समुद्री कांसवांसाठीं ओळखलें जातें. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्याच्या रात्रीं या वाळूवर येतात, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडीं घालतात आणि समुद्रांत परत जातात. पूर्वीं तीं अंडीं माणसें, कोल्हीं व कुत्रीं उकरून नेत. इ. स. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें गांवकऱ्यांना बरोबर घेऊन तीं कुंपणांत राखण्यास आरंभ केला. सुमारें पन्नास-पंचावन्न दिवसांनीं पिलें वर येतात. त्यांवरील टोपल्या सकाळीं व सायंकाळीं उचलून पाहतात आणि निघालेलीं पिलें पाण्यापासून कांहीं अंतरावर वाळूवर ठेवतात. तीं उचलून पाण्यांत टाकीत नाहींत. तेवढी वाट त्यांची त्यांनींच चालावयाची असते.

पश्चिम किनाऱ्यावर सूर्य समुद्रांतून उगवत नाहीं. तो आपल्या पाठीमागून, डोंगराआडून येतो. त्यामुळें पहाटे मागें डोंगर व झाडें काळीं दिसतात आणि समोर पाण्यावरचें आकाश हळूहळू उजळत जातें. पिलांना दिशा सांगणारें दुसरें कोणी नसतें. उंच काळोखाकडे पाठ करावी आणि क्षितिजावरच्या उजेडाकडे चालावें, एवढीच त्यांची उपजत विद्या. याच कारणानें तेथें दोरीच्या अलीकडे उभें राहण्यास व दिवा न लावण्यास बजावलेलें असतें. आम्हांलाहि बजावलें होतें आणि आम्हीं मान डोलावली होती.

आमच्या हातांत मुलानें दिलेला नवा मोबाईल होता. पिलें निघालीं, आणि आम्ही एकामागून एक चित्रें काढूं लागलों. मध्येंच त्या यंत्राचा दिवा आपोआप लखलखला. जवळ उभा असलेला गांवचा एक तरुण हळूच म्हणाला, "सर, तेवढा लाईट बंद करा." आम्हीं तो बंद केला आणि पुन्हां चित्रें काढूं लागलों. या गोष्टीचें आम्हांला विशेष कांहींच वाटलें नाहीं.

धुळ्यास आल्यावर चाळीस-पंचेचाळीस चित्रांपैकीं एक सर्वांना फारच आवडलें. त्यांत एक पिलूं थेट आपल्याकडे तोंड करून पाहत आहे आणि त्याच्या डोळ्यांत उजेडाचा बारीक ठिपका आहे. तें मोठें करून प्राध्यापकांच्या खोलींत लावावें, असा मित्रांचा आग्रह पडला. आम्ही फुशारून गेलों. तेव्हां आमचें कुटुंब म्हणालें, "अहो, तें आपल्याकडे पाहत नाहीं. तें तुमच्या दिव्याकडे पाहतें आहे. नीट समुद्राकडे चाललें होतें, तें दिवा लागल्याबरोबर मागें फिरलें. बाकीचीं दहा पाण्यांत गेलीं तरी हें वाळूवर घुटमळतच होतें. शेवटीं गेलें कसेंबसें."

एकंदर पिलें अकरा होतीं, हेंहि आम्हांला तेव्हांच कळलें. आम्ही तिच्याच शेजारीं उभे होतों. पण तिनें जें पाहिलें त्यांतलें आम्हीं कांहींच पाहिलें नव्हतें.

पातंजल योगांत जे पांच यम सांगितले आहेत त्यांत अस्तेय आणि अपरिग्रह हे दोन आहेत. आमच्या हातून त्या पहाटे दोहोंचा भंग झाला. परंतु ते दोष एकाच प्रतीचे नाहींत, आणि त्यांतला फरक ओळखणें हाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम अपरिग्रहाचा विचार करूं. योगसूत्रांवरील व्यासभाष्यांत परिग्रहाचे पांच दोष दिले आहेत: वस्तु मिळविण्याचे कष्ट, ती राखण्याचे कष्ट, तिचा नाश, तिची आसक्ति आणि तिच्यापायीं घडणारी हिंसा. मोबाईलमधील हजारों चित्रांना हे पांचहि दोष तंतोतंत लागू पडतात. असें असलें तरी परिग्रहाचें नुकसान मुख्यतः परिग्रह करणाराचें असतें. पाहण्याऐवजीं आम्हीं चित्रें सांठविलीं, पहाट गमावली, आणि बायकोकडून पिलांची संख्या विचारून घेण्याची पाळी आली. ही शिक्षा पुरेशी आहे. शिवाय टिपून ठेवणें ही गोष्ट सर्वस्वीं वाईटहि नव्हे. वर्ड्स्वर्थनें पाण्याकांठचीं डॅफोडिलांचीं फुलें १८०२ सालीं पाहिलीं. त्यांवरील प्रसिद्ध कविता लिहिली दोन वर्षांनीं. एकान्तांत स्मरणारें दृश्य म्हणून आपण ती शिकवितों. पण त्या दिवशीं त्याची बहीण डॉरोथी बरोबर होती आणि तिनें आपल्या रोजनिशींत तीं फुलें बारकाईनें नोंदविलीं होतीं, हें विद्यार्थ्यांना सांगावयाचें राहून जातें. नोंद स्मृतीची वैरीण नव्हे. मात्र डॉरोथीनें आधीं पाहिलें आणि मग लिहिलें. आम्हीं टिपलें आणि पाहिलेंच नाहीं.

अस्तेयाची गोष्ट वेगळी. येथें नुकसान होतें तें ज्याचें चित्र काढावयाचें त्याचें. पाऊणशें पावलांची वाट म्हणजे आपल्याला कांहींच नाहीं. पण त्या बोटभर जिवाची सगळी शक्ति त्या वाटेलाच पुरावयाची असते आणि पुढें समुद्र पोहावयाचा असतो. त्यांतला एक भाग आम्हीं घेतला. तो आम्हांला कोणीं दिलेला नव्हता, आणि न दिलेलें घेणें याला आपल्याकडे एकच नांव आहे. 'यंत्राचा दिवा आपोआप लागला' हा बचाव आम्हीं स्वतःपुढें करून पाहिला. परंतु विद्यार्थी असला बचाव करतो तेव्हां आम्ही त्याला म्हणतों, साधन हातीं घेतलेंस तेव्हांच त्याची जबाबदारी घेतलीस. तो न्याय स्वतःस लावतांना मात्र जड गेला. आणखी एक गोष्ट मनाला लागली. ज्या गांवचीं माणसें एके काळीं अंडीं नेत, तीच आज तीं राखतात. आणि त्यांचें कौतुक करण्यास शहरांतून आलेला शिकलेला माणूस जातांना तेथून कांहींतरी उचलून नेतो.

मग प्रकाशचित्रण सोडूनच द्यावें काय? तसें आम्हांला वाटत नाहीं. याचें उत्तर आमच्या खानदेशांतच मिळतें. चाळीसगांवचे केकी मूस (जन्म १९१२, मृत्यु १९८९) इंग्लंडमध्यें शिक्षण घेऊन आले आणि पुढचें जवळजवळ सर्व आयुष्य त्यांनीं आपल्या घराच्या चार भिंतींत काढलें. त्या घरांत आज त्यांचें कलादालन आहे. समुद्रकिनारे आणि डोंगर धुंडाळीत ते हिंडले नाहींत. साध्या वस्तु मेजावर मांडाव्या, त्यांवर उजेड कोठून व किती पडावा हें धीरानें ठरवावें, आणि मग चित्र काढावें, अशी त्यांची एक आवडती रीत होती. या रीतींत उजेड त्यांचा, वेळ त्यांचा, कष्टहि त्यांचे. ज्याची किंमत काढणारानें स्वतः भरली आहे असें हें चित्रण. सर्वांनीं घरांत कोंडून घ्यावें असें नव्हे. परंतु चित्राची किंमत कोणीं भरली, हा प्रश्न किनाऱ्यावरहि विचारतां येतो. आपण पहाटे उठलों, थंडींत थांबलों, दोरीच्या अलीकडे राहिलों, उजेड पुरेसा नसेल तर चित्र सोडून दिलें, तर किंमत आपण भरली. पिलूं मागें फिरलें तर ती त्यानें भरली. माणसांविषयींहि हाच नियम आहे. पहाटे मासळी उतरविणाऱ्या कोळिणीचें चित्र तिला न विचारतां काढून 'लोकजीवन' म्हणून मिरविणारानें तिच्याकडून काय घेतलें याचा हिशेब करून पाहावा.

राहतां राहिलें तें चित्र. पुसून टाकावें असें प्रथम मनांत आलें. परंतु पुसल्यानें चूक पुसली जात नाहीं, तिचा पुरावा तेवढा जातो. भिंतीवर लावणें तर शक्यच नव्हतें. तें अजून आमच्याजवळ आहे. कोणीं पाहावयास मागितलें तर आम्ही दाखवितों, आणि तें छान आहे असें कोणी म्हणालें कीं पिलूं कोणाकडे पाहत आहे तें सांगतों. बहुतेकांचा चेहरा त्यावर उतरतो. परवां एका विद्यार्थिनीनें मात्र विचारलें, "सर, मग त्या वेळीं तुम्ही कोणाकडे पाहत होतां?" याचें खरें उत्तर 'पडद्याकडे' एवढेंच होतें, आणि तेंच आम्हीं दिलें.

येत्या हंगामांत वेळासला पुन्हां जावयाचें ठरलें आहे. मोबाईल बरोबर असेल, पण खिशांत. पिलें या वेळीं आम्हीच मोजूं. आणि कुटुंबाच्या मोजणीशीं आमची मोजणी जुळली तर सुटी सार्थकीं लागली असें समजूं.