योगदंड कुणाच्या हातात?

(कोल्हापुरातली टेंबलाईची टेकडी. दिवाळी अंकासाठी कथा लिहिणारी भाची आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेली आत्या.)

भाची : वेढा पडलाय. ताराराणी पन्हाळ्याच्या तटावर त्र्यंबोलीचा योगदंड उचलतात आणि मोगल फौजेच्या शेळ्या होतात. कशी वाटते कथा?

आत्या : वाचायला झकास. पण १७०० मध्ये नवरा, राजाराम महाराज, सिंहगडावर वारले तेव्हा ही बाई पंचविशीची. पुढं सात वर्षं औरंगजेबाशी झुंजली. १७०२ मध्ये विशाळगड मोगलांना पैसे मोजून घ्यावा लागला, तोही टिकला नाही. एवढा हिशेब जिनं केला, तिच्या हातात काठी देऊन तू तिचं डोकंच काढून घेतलंस की गं!

भाची : शिवाजी महाराजांना भवानीनं तलवार दिली म्हणतात. त्यानं महाराज कुठं लहान झाले? बाईलाच हा नियम का?

आत्या : प्रतापगड, आग्रा पोरासोरांना पाठ आहे. तलवारीची गोष्ट त्यावर शोभते. ताराराणींचं लोकांना काय माहीत? कावळा नाक्यावरच्या पुतळ्याचा घोडा!

भाची : म्हणजे इतिहास पाठ होईपर्यंत कल्पनेनं दारात थांबायचं? कथा वाचूनच कुणीतरी इतिहासाकडं वळेल.

आत्या : वळेलही. पण टेंबलाईची, म्हणजे त्र्यंबोलीचीच, गोष्ट आठव. योगदंड फिरवला कुणी?

भाची : कामाक्ष दैत्यानं. अंबाबाईसकट देवांच्या शेळ्यामेंढ्या केल्या. त्र्यंबोलीनं तो युक्तीनं काढून घेतला.

आत्या : आणि विजयाच्या सोहळ्याला तिलाच बोलवायचं राहिलं. रुसून इथं येऊन बसली. म्हणून तर ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी समजूत काढायला येते. कुमारिका कोहळा फोडते, आणि तुकड्यासाठी काय ती झुंबड!

भाची : मग दंड बादशहाकडं देते. आणि विसरणंही आहेच, १७१४ मध्ये ताराराणींनाच कैद झाली.

आत्या : ती सवतीनं, राजसबाईंनी केली. बादशहा १७०७ लाच मेलेला. घरच्यांना दैत्य करणार? आणि १७५० मध्ये ताराराणींनीच साताऱ्यात रामराजाला कोंडलं; नातू म्हणून स्वतःच पुढं आणलेल्याला.

भाची : कथा १७०७ ला संपवते.

आत्या : सोयीचं तेवढंच?

भाची : अगं, शब्दमर्यादा आहे!

आत्या : मग साताऱ्यापासूनच सुरू कर.

भाची : आणि तिथं योगदंड त्यांच्याच हातात दिला तर?

आत्या : दे की. तेव्हाही त्या वाचकाला हव्याशा वाटतात का, बघ.