सूट कायद्यातून, कर्तव्यातून नव्हे



२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत पहिलीच्या किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळले. संविधानाच्या ३० व्या कलमाने आपल्या शाळा चालवण्याचा हक्क आपल्याला दिला आहे.

मग गरीब मुलांविषयीचे आपले कर्तव्य संपले का? हा हक्क मिळाला तो आपले वेगळेपण जपण्यासाठी. ते वेगळेपण कोणते? कॅथलिक शाळांनी गरिबांची विशेष काळजी घ्यावी, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या ख्रिस्ती शिक्षणावरील घोषणापत्रात सांगितले. गरिबालाच दार बंद झाले, तर आपण सूट घेतली ती कशासाठी?

अडचण खरी आहे. पगार, डागडुजी फीमधूनच भागवावी लागते. एकाची फी माफ झाली की भार इतरांवर येतो. पण एकमेकांचा भार वाहणे यालाच तर आपण धर्मग्राम म्हणतो. म्हणून पालकसभेत फीवाढीबरोबर हेही विचारू या: यंदा किती गरीब मुलांना जागा देणार आणि त्यांच्या खर्चात माझा वाटा किती?

कायद्याची सक्ती नसताना केले, तेच खरे दान.